नायक जगला का?

तामलवाडीत बसून क्वीअर फँटसी मालिका वाचताना मी आधी एकच पाहतो: लेखकाने क्वीअर नायकाला जगू दिलं का? (पुढे शेवट उघड केलेत.)

मर्सिडीज लॅकीची 'द लास्ट हेराल्ड-मेज' ही त्रयी १९८९-९० ची. नायक व्हॅनियेल समलिंगी आहे आणि कथेचा कणाही तोच. त्या काळात हे धाडसच! पण त्याचा प्रियकर पहिल्याच भागात मरतो, आणि शेवटी व्हॅनियेलही. त्याच्या वाट्याला इतकं दुःख का, हे मला आजही पटत नाही.

रिक रायर्डनच्या फँटसी मालिकेतला समलिंगी निको मला जास्त जवळचा. 'द हाउस ऑफ हेडीस'मध्ये (२०१३) त्याच्याकडून मनातलं प्रेम बळजबरीने वदवून घेतलं जातं. ते प्रकरण बोचतं. मात्र मार्क ओशिरोसोबत लिहिलेल्या 'द सन अँड द स्टार'मध्ये (२०२३) निको आणि त्याचा प्रियकर विल दोघंच नायक, आणि त्यांचं नातं टिकतं.

मराठीत अशी फँटसी मालिका माझ्या वाचनात नाही. फँटसीबाहेर पाहिलं, तर विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' नाटकातली समलिंगी मित्रा आत्महत्या करते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' कादंबरीतला (२००६) समलिंगी तनय मात्र प्रेमभंगानंतरही जगतो. म्हणून नवख्यांनी 'कोबाल्ट ब्लू'पासून सुरुवात करावी, मग निकोकडे वळावं.