ऐकणारा रेडिओही बोलतो : ऑसिलेटरचा उपद्रव आणि त्यावरचे उपाय

विज्ञान प्रदर्शनात हल्ली बिनतारी प्रकल्प बरेच दिसतात. घरी नीट चालणारा प्रकल्प हॉलमध्ये, इतर दहा प्रकल्पांच्या शेजारी ठेवला की अडखळायला लागतो. मुलं सेल बदलतात, अँटेना हलवतात. दोष मात्र पुष्कळदा शेजारच्या टेबलावरच्या ऑसिलेटरचा असतो. हे मुलांना समजावून सांगायला दोन जुने रेडिओ पुरतात.

आधी थोडी माहिती. ऑसिलेटर म्हणजे ठरावीक वारंवारतेची विद्युत कंपनं सतत तयार करणारं सर्किट. ट्रान्समीटरमध्ये तो लागतोच, पण रेडिओ रिसीव्हरमध्येही असतो. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये शोधलेल्या सुपरहेटरोडाइन पद्धतीत, येणाऱ्या लहरीत रिसीव्हरच्या स्वतःच्या ऑसिलेटरची लहर मिसळतात. दोघींच्या वारंवारतेतला फरक कायम सारखा ठेवतात. मीडियम वेव्ह रेडिओत हा फरक साधारण ४५५ किलोहर्ट्झ असतो. पुढची सगळी सर्किटं या एकाच वारंवारतेसाठी बनवलेली असल्यामुळे स्टेशनं नीट वेगळी करता येतात.

उदाहरण घेऊ. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. ते लावलं की रेडिओतला ऑसिलेटर ७९२ + ४५५ = १२४७ किलोहर्ट्झवर कंपन करतो. म्हणजे आपण ऐकत असतो ७९२ वर, पण आपला रेडिओ १२४७ वर हळू आवाजात ‘बोलत’ असतो!

वर्गात करून बघा

सेलवर चालणारे, काटा फिरवायचे दोन जुने मीडियम वेव्ह रेडिओ घ्या. (आकडे दाखवणाऱ्या नव्या रेडिओंमध्ये बऱ्याचदा वेगळी पद्धत असते.) पहिल्यावर आपल्या भागातलं, ११०० च्या खालचं एखादं स्टेशन लावा. दुसरा अगदी जवळ ठेवा आणि त्याचा काटा ‘पहिल्याचा आकडा अधिक ४५५’ या जागेभोवती सावकाश फिरवा. एका ठिकाणी खरखर एकदम दबते. तिथे एखादं दूरचं स्टेशन येत असेल, तर शिट्टीही ऐकू येते. आता पहिल्या रेडिओचा काटा जरासा हलवा. शिट्टीचा सूर बदलतो. म्हणजे लहर पहिल्या रेडिओतूनच येते आहे, हे सिद्ध झालं.

आता पहिला रेडिओ चालूच ठेवून अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात घाला आणि झाकण घट्ट लावा. शिट्टी क्षीण होते किंवा बंद पडते. ऑसिलेटर आत चालूच आहे, फक्त त्याची लहर बाहेर येत नाही. उपद्रव कमी करायचा म्हणजे ऑसिलेटर बंद करायचा नाही, तर त्याला घरात ठेवायचं.

हे एवढं महत्त्वाचं का?

एफएम रेडिओत हा फरक १०.७ मेगाहर्ट्झ असतो. ९८.३ वरचं स्टेशन लावलं तर ऑसिलेटर बहुधा १०९ मेगाहर्ट्झवर चालतो. १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानांना दिशा दाखवणाऱ्या आणि धावपट्टीच्या रेषेत आणणाऱ्या संदेशांचा आहे. म्हणूनच अनेक देशांत प्रवाशांना विमानात छोटे रेडिओ लावायला मनाई झाली. ऐकणाऱ्याचा हेतू निर्मळ असला, तरी यंत्राची गळती दुसऱ्याला महागात पडू शकते.

गळतीच्या तीन वाटा आणि उपाय

१. हवेतून : लांब वायर आणि वायरींचं मोठं वेटोळं अँटेनासारखं काम करतं. म्हणून ऑसिलेटरच्या वायरी आखूड ठेवायच्या, जाणारी आणि परत येणारी वायर शेजारी-शेजारी न्यायची. वरून धातूची डबी घालून ती ग्राउंडला जोडायची. जुना ट्रान्झिस्टर रेडिओ उघडून दाखवा (सेल काढून!). लाल स्क्रूची छोटी चौकोनी डबी दिसली, तर ती बहुतेक ऑसिलेटरची कॉइल असते. तिचं धातूचं कवच उगाच नसतं.

२. सेलच्या वायरीतून : एकाच सेलवर सगळं सर्किट चालत असेल, तर ऑसिलेटरची कंपनं पुरवठ्याच्या वायरीतून सगळीकडे पोचतात. उपाय : ऑसिलेटरच्या अगदी जवळ, पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. गणित करून बघा : X = १/(२πfC). १२४७ किलोहर्ट्झला हा विरोध जेमतेम १.३ ओहम येतो. सेलच्या स्थिर प्रवाहाला मात्र कपॅसिटर वाटच देत नाही. कंपनं तिथल्या तिथे ग्राउंडला जातात, वीज पुढे जाते. पण कपॅसिटरचे पाय लांब ठेवले तर निम्मा फायदा गेला म्हणून समजा.

३. अँटेनातून उलट दिशेने : ऑसिलेटरची लहर मिक्सरमधून मागे अँटेनापर्यंत जाते. दोघांच्या मध्ये एक अ‍ॅम्प्लिफायर ठेवला, की तो एकतर्फी दारासारखा वागतो. ट्रान्समीटरमध्येही ऑसिलेटर आणि पुढच्या टप्प्यात बफर ठेवतात. त्याने पुढचा भार बदलला तरी ऑसिलेटरची वारंवारता ढळत नाही.

आणखी एक गोष्ट. डिजिटल सर्किटच्या घड्याळाची लहर चौकोनी असते. तिच्यात मूळ वारंवारतेच्या पटीही असतात. २० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची पाचवी पट १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे थेट एफएमच्या पट्ट्यात! क्रिस्टल निवडतानाच पटींचा हा पाढा मुलांकडून म्हणून घ्या.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक प्रकल्पाजवळ सेलवरचा रेडिओ फिरवून बघा. खरखर कुठे वाढते, कुठे दबते, ते मुलांना वहीत लिहू द्या. मग एका वेळी एकच बदल करा : आधी कपॅसिटर, मग आखूड वायरी, मग डबी. तिन्ही एकदम केले तर गळती कुठून होत होती ते कळणारच नाही. ‘माझं चालतंय ना’ एवढ्यावर न थांबता ‘माझ्यामुळे शेजाऱ्याचं अडत नाही ना’ हेही तपासायची सवय मुलांना इथेच लागते.