थेंबाची मजल

लिंबूवर्गातल्या झाडांचे रोग हा माझा जुना छंद आहे, आणि त्यातही खपलीच्या रोगाने मला जेवढं झपाटलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही. शास्त्रज्ञ याला सायट्रस स्कॅब म्हणतात. फळाच्या सालीवर करड्या, खरखरीत चामखिळी उठतात. आतल्या फोडी चांगल्याच असतात, त्यामुळे रसाच्या कारखान्यात फारसं कुणी कुरकुरत नाही; पण फळ म्हणून विकायला नेलं की गिऱ्हाईक हात लावत नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला संशोधन केलेल्या हॉवर्ड फॉसेट यांच्या नावावरून ही बुरशी एल्सिनोई फॉसेटी झाली. वॉशिंग्टनच्या ॲना जेंकिन्स आणि ब्राझीलच्या साओ पावलोचे बितानकूर या जोडीने 1936 मध्ये तिचं आणि एल्सिनोई ऑस्ट्रॅलिस या तिच्या दक्षिण अमेरिकी बहिणीचं शास्त्रीय वर्णन केलं.

आता त्या चामखिळीकडे येऊ. मला तर ती बघत बसावीशी वाटते. कोडगूत कॉफीच्या मळ्यातून हिंडताना बांधावरच्या एका जंभेरी लिंबाच्या झाडाचं पान तोडून भिंगाखाली धरलं होतं. पानाच्या एका बाजूला सुळक्यासारखा उंचवटा, आणि उलटं केलं की नेमका त्याच जागी खड्डा. हा उंचवटा एकट्या बुरशीने उभा केलेला नाही. बुरशी आत शिरली की आजूबाजूच्या पेशी भराभर विभागतात आणि बुचासारखा थर रचून तिला कोंडायला बघतात. म्हणजे खपलीत निम्मी कामगिरी झाडाची! बुरशीचं हत्यारही विलक्षण आहे. ती एल्सिनोक्रोम नावाचं तांबडं रंगद्रव्य तयार करते. अंधारात ते गरीब असतं. ऊन पडलं की प्रकाश शोषून ऑक्सिजनचं दाहक रूप निर्माण करतं आणि पेशींची आवरणं फाडतं. ज्या उन्हावर पान जगतं तेच ऊन पानावर उलटवायचं! फ्लोरिडातल्या संशोधकांनी हे द्रव्य बनवणारं जनुक बंद पाडून पाहिलं, तेव्हा बुरशीची रोग पाडण्याची ताकद बरीच घटली.

आणि एवढं हत्यार असूनही तिला संधी मिळते ती थोडकीच. पान पुरतं पसरलं की त्याला लागण होत नाही. फळही पाकळ्या गळाल्यानंतरचे सहा ते आठ आठवडेच कच्चं सापडतं. त्या दिवसांत कोवळी साल सलग अडीच-तीन तास ओली राहिली तरी बुरशीला पुरतं. म्हणून ताम्रयुक्त औषधाची फवारणी नवती फुटताना आणि पाकळ्या गळताना करायची असते. चामखिळी दिसल्यावर पंप काढणं म्हणजे वरातीमागून घोडं.

तिच्या पायात फारसं बळही नाही. पावसाच्या थेंबाने खपलीवरचे बीजाणू उडतात ते शेजारच्या फांदीवर, फार तर वाऱ्याने नेलेल्या तुषारांबरोबर पुढच्या झाडावर. यातले नाजूक बीजाणू तर वाळले की मरतात. समुद्र ओलांडणं तिच्या आवाक्यातलं नाही. ते काम माणसाने केलं, रोपांतून आणि डोळे भरायच्या काड्यांतून. दक्षिण अमेरिकेतली ऑस्ट्रॅलिस अमेरिकेत पहिल्यांदा सापडली 2010 मध्ये, टेक्ससमधल्या ह्यूस्टनच्या परिसरात, आणि तीही मोठ्या बागेत नव्हे, लोकांच्या अंगणातल्या झाडांवर. मग शेजारच्या लुइझियानातही ती मिळाली, फ्लोरिडातही. रोपं हलवण्यावर निर्बंध आले. फळांना धुऊन, घासून, निर्जंतुक करून, मेण लावून पुढे जायची वाट ठेवली. मला हा फरक अगदी रास्त वाटतो. फळ खाऊन संपतं, रोप मात्र नव्या गावात मुळं धरतं.

आपल्याकडे विदर्भात संत्र्याचा खरा वैरी डिंक्या. तो फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जिवाचा, आणि तोही रोपाच्या मातीतून गावोगाव गेला. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने म्हणूनच उन्हाने तापवून घेतलेल्या मातीत, पिशव्यांतून रोपं करायचा आग्रह धरला. पण वरूड-शेंदुरजनाघाटच्या पट्ट्यात गेलो की माझी नजर जंभेरीच्या पन्हेरीवरच जाते. तिथे डोळा भरायला जंभेरीचा खुंट पूर्वापार वापरात आहे, आणि खपलीला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्यांत जंभेरीचा नंबर वरचा. शिवाय मृग बहाराचं कोवळं फळ ऐन पावसात झाडावर असतं.

कोडगूच्या पानाचा फोटो मी वरूडकडच्या एका रोपवाटिकावाल्यांना दाखवला. ते म्हणाले, ‘‘हे तं खैऱ्या आहे नं भाऊ!’’

‘‘खैऱ्याच्या, म्हणजे कँकरच्या डागाभोवती पिवळं वलय असतं,’’ मी म्हटलं, ‘‘आणि डाग दोन्ही बाजूंनी वर आलेला असतो. हा एका बाजूनं वर, दुसऱ्या बाजूनं खोल.’’

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, शेजारच्या वाफ्यातलं कागदी लिंबाचं डागाळलेलं पान आणलं आणि दोन्ही ताडून बघितली. मग विचारलं, ‘‘आमच्याकडं आलं तं आधी कुठं दिसन?’’

मी पन्हेरीकडे बोट केलं. वरून तुषार सिंचन चालू होतं आणि पानं निथळत होती. पाणी बुडाशी द्या, द्यायचंच वरून तर सकाळी द्या, पानं लवकर वाळली पाहिजेत, आणि दमट मुलखातून जंभेरीची रोपं किंवा काड्या आणू नका, एवढं सांगितलं. पाणी बुडाशी द्यायचं त्यांना पटलं. काड्यांवर मात्र आमचा वाद चहा होईपर्यंत चालला. बाहेरची एखादी चांगली जात दिसली तर ती आणायची नाही हे त्यांना मान्य नव्हतं. शेवटी आणलीच तर दोन पावसाळे वेगळ्या कोपऱ्यात ठेवून, प्रत्येक नवतीचं पान उलटून बघायचं, यावर आम्ही थांबलो.