बुवांच्या वह्या रद्दीत घालू नका

आपल्या तेरच्या गोरोबाकाकांचे अभंग आज मोजकेच मिळतात. तेही कुणीतरी लिहून ठेवले म्हणून. शेतकरी बंधूंनो, चाली जाणणारे एखादे बुवा तुमच्याही भजनी मंडळात असतील किंवा होऊन गेले असतील. त्यांच्या वह्यांची ट्रंक आज कुठं आहे, एकदा बघा. तेरच्या पांढरीवरचे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या, म्हणून गावात वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. मणी मातीत शेकडो वर्षं टिकतो. वहीला वाळवीचा एक पावसाळा पुरतो.

हे पंडितांचं काम, असं म्हणू नका. 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव तेराव्या शतकात आपल्या मराठवाड्यातच, देवगिरीला सिंघण यादवाच्या पदरी हिशेबखात्याचा मोठा अधिकारी होता. तलाठी-ग्रामसेवकांच्या बिरादरीतलाच म्हणा ना! त्यानं संगीताची सात अध्यायांत नीट खातेफोड केली. नकला होत गेल्या, ग्रंथ तगला आणि १८९६-९७ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमानं छापला. पुढे मुंबईचे वकील पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून चिजा मिळवल्या आणि राग, ताल, स्वरलिपीसह 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत लावल्या.

आता आपल्या ट्रंकेकडे. उत्साहाच्या भरात पानं सुटी करून ज्ञानोबांची एकीकडे, तुकोबांची दुसरीकडे असं अजिबात करू नका. बुवांनी पंचपदी, रूपाचे अभंग, गवळण, भैरवी ज्या क्रमानं लिहिली, तो बहुधा भजन उभं करायचा क्रम असतो. तो मोडला की शब्द राहतात, भजन जातं. आहे त्याच क्रमानं मऊ शिसपेन्सिलीनं पानांना आकडे घाला. शाईचा पेन नको.

मग एक नोंदवही आखा. वहीचा क्रमांक, पान, पदाची पहिली ओळ, कोणाचं पद, चाल किंवा राग, ताल, कोणाकडून शिकले. जुन्या वह्यांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याचे दोन शब्द असतात. नवी प्रत करताना पोरं नेमके तेच गाळतात. अभंग छापील गाथ्यात सापडेल, पण बुवा तो कसा म्हणत हे त्या दोन शब्दांतच आहे. जिथं चाल लिहिलेली नाही, तिथं म्हाताऱ्या टाळकऱ्यांना आत्ताच विचारा आणि मोबाइलवर म्हणून घ्या. त्या ध्वनिफितीलाही वहीचा अन् पानाचाच क्रमांक द्या, नाहीतर वर्षानं काहीच जुळत नाही.

गंजक्या टाचण्या अलगद काढा. फाटल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. दमट वही सावलीत वाऱ्यावर सुकवा, कोरड्या सुती फडक्यात बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. ट्रंक भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर ठेवा. आणि धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या ट्रंकेत टाकाल तर खबरदार! त्यांचा वायू घरातल्या माणसाचा जीव घेतो.

नोंदवहीची एक नक्कल ग्रामपंचायतीत किंवा शाळेत द्या. मूळ वह्या मात्र घरच्यांच्या संमतीशिवाय हलवू नका.