कोणाच्या हाती कोणते पुस्तक

मराठीत पुस्तकांचा तुटवडा नाही. चांगले पुस्तक ते ज्याला आवडेल त्याच्या नजरेस पडणे, हे मात्र अवघड होऊन बसले आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारणपणे हजाराच्या आसपास प्रतींची निघते, प्रकाशक बहुतांशी पुण्यामुंबईत असतात आणि जिल्ह्याच्या गावीसुद्धा शालेय पुस्तकांपलीकडचे काही ठेवणारे दुकान शोधावे लागते. दुकानात जी दर्शनी फळी असते, तिच्यावर आधीपासूनच खपणारी पुस्तके मांडलेली असतात. बाकीची एक-दोन परीक्षणे होऊन विसरली जातात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे सांगितली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळावा, अशा अर्थाची दोन सूत्रे त्यांत आहेत. ही गाठ आपोआप पडत नाही, ती घालावी लागते. तिची सर्वांत खात्रीची वाट एका आवडलेल्या पुस्तकातून दुसऱ्याकडे जाते. लेखक, अनुवादक, संपादक, प्रकाशक, विषय यांपैकी कोणताही धागा धरता येतो. जाहिराती आणि ‘वाचलीच पाहिजेत’ अशा याद्या यांच्यापेक्षा हा धागा पुष्कळ लांबवर नेतो.

सुरुवात अर्थातच लहानपणी होते. मुलांच्या पुस्तकांवर वयोगट छापलेला असतो, पण तो मुलाला स्वतः किती वाचता येईल याचा अंदाज असतो. त्याला किती समजेल, याचा नव्हे. वाचून दाखवलेले पुस्तक मुलाच्या वाचनक्षमतेच्या बरेच पुढचे असले तरी चालते, किंबहुना असावेच. अगदी लहानांसाठी चित्र आणि मजकूर एकमेकांत मुरलेले पुस्तक निवडावे. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तके या बाबतीत आदर्श आहेत. चित्रे त्यांचीच, शब्दही त्यांचेच, आणि विषय घरातल्या माणसांचा. त्यांत उपदेश नाही, आणि तरीही मूल एकेका पानावर रेंगाळते. विंदा करंदीकरांच्या बालकविता, उदाहरणार्थ ‘राणीची बाग’ किंवा ‘एटू लोकांचा देश’, मोठ्याने म्हणण्यासाठीच आहेत. त्या मुक्याने वाचायला देणे म्हणजे त्यांची निम्मी गंमत घालवणे.

मूल सलग वाचू लागले की त्याला एका पुस्तकापेक्षा पुस्तकांची मालिका अधिक उपयोगी पडते, कारण ओळखीचा नायक पुढचे पुस्तक स्वतःच मागवतो. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हे काम आजही चोख करतो. भागवतांनी ज्यूल व्हर्नही मराठीत आणला असल्यामुळे फास्टर फेणे संपवलेल्या मुलाला त्याच लेखकाचा हात धरून थेट समुद्राच्या तळाशी जाता येते. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे याच वयाचा. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. आजी-आजोबांनी ती पुस्तके प्रेमाने हाती द्यावीत आणि नातवंडाने चार पानांत मिटवून ठेवावीत, असे घडते. त्यांतले घर, शाळा आणि बोलणे आता दूरचे झाले आहे. अशी पुस्तके शेजारी बसून वाचून दाखवली तर जवळची होतात. ‘श्यामची आई’बद्दलही हेच म्हणता येईल. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक फार लवकर, सात-आठव्या वर्षीच भेट दिले जाते. त्यातले दारिद्र्य आणि अपमान बारा-तेराव्या वर्षी कितीतरी खोलवर पोचतात.

बालवाङ्मय शोधताना बालभारतीचे ‘किशोर’ मासिक विसरून चालणार नाही. १९७१पासून मराठीतले मोठमोठे लेखक आणि चित्रकार त्यात येत राहिले आहेत. मुलाला कोणता लेखक आवडतो हे त्यातून स्वस्तात कळते, आणि जुने अंकही आता संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. शाळेच्या मराठीच्या पुस्तकाचाही असाच उपयोग आहे. प्रत्येक धड्याबरोबर लेखकाची आणि त्याच्या ग्रंथांची ओळख दिलेली असते. परीक्षेपुरती पाठ केली जाणारी ती चार ओळींची टीप म्हणजे खरे तर तयार ग्रंथयादी असते. आवडलेल्या धड्याचे मूळ पुस्तक त्याच आठवड्यात हाती पडले, तर एरवी न वाचणारी मुलेही वाचू लागतात.

बारा ते सोळा हे सर्वांत नाजूक वय. बालसाहित्य पोरकट वाटू लागलेले असते आणि प्रौढ कादंबरी अजून लांब असते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे मराठी वाचन बहुधा याच टप्प्यावर तुटते. प्रकाश नारायण संतांची ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही चार पुस्तके या वयाला मिळालेली मोठी देणगी आहे. लंपन नावाच्या मुलाच्या नजरेतून लिहिलेल्या या कथा मुले त्यांतल्या गमतीसाठी वाचतात आणि मोठी माणसे त्यांतल्या हुरहुरीसाठी. जयंत नारळीकरांनी आपली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठवली होती. पुढे आलेल्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहाने विज्ञानाची ओढ असलेल्या मुलांना कथेची गोडी लावली. भीतीची गंमत हवी असेल त्याला नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आहेत. रहस्यकथा, भयकथा यांना हलके समजून मुलांना त्यांपासून दूर ठेवणे चुकीचे आहे. पुढे काय झाले या उत्सुकतेने रात्र जागवण्याची सवय तिथेच लागते आणि ती आयुष्यभर पुरते.

अनुवादांनाही याच वयापासून मोठी जागा द्यायला हवी. शांता शेळके यांची ‘चौघीजणी’ आणि राम पटवर्धनांचे ‘पाडस’ या मूळच्या अमेरिकन कादंबऱ्या, पण मराठीत त्या मराठीच होऊन राहिल्या. ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र १९८१ साली आले आणि गुलामगिरीत जन्मलेला एक कृषिशास्त्रज्ञ महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादात मुले, पालक आणि शिक्षक सारख्याच आवडीने वाचतात. अनुवाद निवडताना अनुवादकाचे नाव मूळ लेखकाच्या नावाइतकेच महत्त्वाचे मानावे. नाव आतल्या पानावर कुठेतरी बारीक अक्षरांत असेल किंवा मुळीच नसेल, तर सावध व्हावे. मूळ ग्रंथ पूर्ण आहे की संक्षिप्त, आणि तो मूळ भाषेतून आला की इंग्रजीतून, हेही तिथेच पाहावे. एखाद्या अनुवादकाची मराठी भावली, तर त्याने आणखी काय निवडले ते शोधणे फलदायी ठरते. उमा कुलकर्णींच्या नावामागून जाणाऱ्या वाचकाला एस. एल. भैरप्पांसह कन्नडचे मोठे दालन उघडे होते.

प्रौढ वाचकाची अडचण वेगळी असते. तो बहुधा एकाच प्रकारात अडकलेला असतो: ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारा त्याच वाचतो, आत्मचरित्रांचा वाचक कादंबरीकडे फिरकत नाही. इथे विषयाचा धागा कामाला येतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने ज्याला कर्णाचा लळा लागला, त्याने त्यानंतर इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ वाचावे. मानववंशशास्त्रज्ञाच्या करड्या नजरेने पाहिलेले महाभारत त्याला आधी धक्का देईल. मग दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ हाती घेतले की तीच माणसे चिंतनाच्या वेगळ्या उजेडात दिसतात, आणि भैरप्पांच्या ‘पर्व’मध्ये ती चमत्कार वजा होऊन हाडामांसाची बनतात. कादंबरी, संशोधनपर लेख, ललित चिंतन आणि अनुवाद असे चार प्रकार या वाचकाने ओलांडलेले असतात, आणि प्रकार बदलल्याचे त्याला जाणवलेलेही नसते. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’नंतर त्र्यं. शं. शेजवलकरांचा पानिपतावरचा ग्रंथ वाचला तर कादंबरी कुठे थांबते आणि इतिहास कुठे सुरू होतो हे उमजते. ऐतिहासिक कादंबरीला इतिहास समजण्याची सवय महाराष्ट्रात खोल रुजली आहे. त्यावर अशा जोडवाचनापेक्षा चांगला उपाय नाही.

व्यंकटेश माडगूळकरांपासूनही अशीच एक वाट निघते. ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ यांतली दुष्काळी माणसे पाहून झाली की त्यांचेच ‘नागझिरा’ आणि वानरांच्या टोळ्यांवरचे ‘सत्तांतर’ वाचकाला जंगलात नेते. तिथून वनाधिकारी मारुती चितमपल्लींचे ‘रानवाटा’ फार दूर नाही.

आत्मकथन हा मराठीचा विशेष बळकट प्रांत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, १९७८ साली ग्रंथालीने काढलेले दया पवारांचे ‘बलुतं’, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ ही एकाच समाजाची इतकी निरनिराळी दर्शने आहेत की त्यांतले एकच वाचून महाराष्ट्र कळला असे म्हणता येणार नाही. कवितेकडे वळताना मात्र संपूर्ण संग्रहाने सुरुवात करण्याची घाई नको. बहिणाबाईंची गाणी ऐकून पुढे जावे, मग कोलटकर, ढसाळ, ग्रेस यांपैकी जो जवळचा वाटेल त्याच्याकडे जावे. गोमंतकाच्या इतिहासात शिरायचे असेल, तर कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या महाबळेश्वर सैल यांची ‘तांडव’ ही कादंबरी पोर्तुगीज काळातल्या धर्मांतराचा जीवघेणा काळ उभा करते.

पुरस्कारांवर किती विसंबावे? साहित्य अकादमी १९५५पासून मराठी ग्रंथाला पुरस्कार देत आली आहे. २०१०पासून बालसाहित्यासाठी आणि २०११पासून तरुण लेखकांसाठी वेगळे पुरस्कार सुरू झाले. या याद्या चाळाव्यात, विशेषतः अलीकडच्या. ‘रिंगाण’, ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ किंवा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ ही नावे अनेक वाचकांपर्यंत पुरस्कारामुळेच गेली. पण भालचंद्र नेमाडे यांना अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथासाठी, ‘कोसला’साठी नव्हे, आणि नंदा खरे यांनी ‘उद्या’ या कादंबरीसाठीचा पुरस्कार स्वीकारलाच नाही. यादीत नसणे हा पुस्तकाचा दोष मानता येत नाही. नव्या पुस्तकांची नियमित खबर हवी असेल तर १९६४पासून चालू असलेले ‘ललित’ मासिक, ‘साधना’ साप्ताहिक आणि दिवाळी अंक यांचा आधार घ्यावा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा वाचकाला दरवर्षी अनेक लेखक थोडे थोडे चाखू देते. ज्याची कथा मनात राहिली, त्याचे पुस्तक मग विकत घ्यावे.

प्रत्यक्ष पुस्तक हाती आल्यावर मलपृष्ठावरच्या स्तुतीपेक्षा आतल्या दोन जागा अधिक सांगतात. पहिली, प्रकाशनाच्या तपशिलाचे पान. पहिली आवृत्ती कधीची, आताची सुधारित आहे की नुसते पुनर्मुद्रण, हे तिथे कळते. आरोग्य, कायदा, विज्ञान अशा विषयांत हा फरक निर्णायक असतो. दुसरी जागा म्हणजे पुस्तकाच्या मधले कुठलेही पान. पहिले पान लेखकाने घासूनपुसून ठेवलेले असते. भाषा खरी कशी आहे ते मध्यावर समजते. माहितीपर ग्रंथ असेल तर शेवटी सूची आणि संदर्भ आहेत का, तेही बघावे.

या सगळ्या शोधात चुका होणारच, आणि त्या परवडाव्यात म्हणून ग्रंथालय हवे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, मुंबईचे १८९८चे. १९६७च्या कायद्यानंतर सरकारी अनुदान घेणारी अ, ब, क, ड वर्गांची वाचनालये गावोगावी पसरली. महिन्याच्या वर्गणीत न आवडलेले पुस्तक वीस पानांनंतर परत करता येते, ही त्यांची सर्वांत मोठी सोय. नुसते चांगले काहीतरी द्या असे म्हटल्यावर ग्रंथपाल गोंधळतो. ‘बनगरवाडी’ आवडली, ‘स्वामी’ अर्धवट राहिली, असे नेमके सांगितले की त्याला उत्तर सुचते. देवघेवीच्या खिडकीपाशी परत आलेल्या पुस्तकांचा ढीगही चाळण्यासारखा असतो, कारण गावात खरोखर काय वाचले जाते ते तिथे दिसते. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारमध्ये २०१७पासून घराघरांत विषयवार पुस्तके मांडली आहेत. मुलांना तिथे दोन दिवस मोकळे सोडले तर आपली आवड ती स्वतःच शोधतात.

आवृत्ती संपलेल्या पुस्तकांसाठी जुनी ग्रंथालये आणि रद्दीची दुकाने हेच मुख्य आश्रयस्थान. पुस्तक होते की नाही अशी शंका असेल तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पाहावी. १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची ही नोंद त्यांनी अपार कष्टाने केली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनेक ग्रंथ संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, आणि मराठी विश्वकोशातल्या लेखकांवरील नोंदींमध्ये त्यांचे प्रमुख ग्रंथ दिलेले असतात. परदेशातल्या आणि परप्रांतातल्या मराठी कुटुंबांना बुकगंगासारख्या दुकानांची ई-पुस्तके जवळची आहेत. तिथल्या कित्येक मुलांना मराठी समजते, पण देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी आधी ध्वनिपुस्तके किंवा आईबाबांचे वाचन आणि मग प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरची मोफत मराठी चित्रपुस्तके, असा क्रम ठेवावा. ती पुस्तके वाचनाच्या चार पातळ्यांनुसार लावलेली असल्यामुळे दहा वर्षांच्या मुलालाही संकोच न वाटता पहिल्या पातळीपासून सुरुवात करता येते.