लष्कर बोलवा, पण कोणाच्या हुकमाने?

"लष्कर बोलवा ना! दोन दिवसांत सगळे सरळ होतील." टीव्हीवर कुठल्याशा दंगलीच्या बातम्या चालू होत्या आणि माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याने निकाल देऊन टाकला. नंदेसरीच्या आमच्या घरी रविवारची जेवणे नुकतीच आटोपली होती.

त्याचेही बरोबरच. त्याने लष्कर पाहिले ते ऑगस्ट २०२४ च्या पुरात. विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यातल्या घरांत शिरले, तेव्हा जवान अडकलेल्या लोकांना बाहेर काढत होते. "मामा, ते आपलेच तर आहेत," तो म्हणाला.

मग मी त्याला सोलापूरची गोष्ट सांगितली. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटले. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली, चिडलेल्या जमावाने पोलिसांनाही मारले. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला आणि ३० जूनपर्यंत राहिला. शहर लष्कराच्या ताब्यात गेले. तिरंगा मिरवणे हाही गुन्हा ठरला. पुढे पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली.

"पण ते इंग्रज होते," भाचा म्हणाला.

खरे आहे. तरीही आपल्या संविधानाने आपल्या माणसांनाही मोकळे रान दिलेले नाही. कायदा-सुव्यवस्था हा राज्याचा विषय. पण त्यातून सैन्याचा वापर स्पष्टपणे वगळला आहे, सैन्य केंद्राचे. जमाव पांगवायला ते आले, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हुकूम द्यायचा तो जिल्हा दंडाधिकाऱ्याने किंवा त्याने नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याने. बळ वापरायचे तेही कमीत कमी. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड असेल, तर लष्करी अधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो. पण संपर्क झाला की पुढचे त्याच्या सूचनेनुसार.

आमच्या कामात सर्व्हरचा पूर्ण ताबा एखाद्याला दिला, तर तो ठरावीक वेळेपुरता देतात आणि प्रत्येक कृतीची नोंद राहते. भाच्याला हे लगेच पटले.

आणीबाणीनंतर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. 'अंतर्गत अशांतता' हे कारण जाऊन 'सशस्त्र बंड' आले, आणि आणीबाणीतही जगण्याच्या हक्काची दाद मागण्याची वाट बंद करता येणार नाही असे ठरले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'अफ्स्पा' कायदा वैध ठरवला, पण सैन्य नागरी प्रशासनाच्या मदतीला असते, त्याच्या जागी नाही, हेही सांगितले. २०१६ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्या. मदन लोकूर आणि सोलापूरच्या घराण्यातले न्या. उदय लळित यांच्या पीठाने सांगितले, की अशांत भागातही जादा बळ वापरायला मुभा नाही.

"आणि कोणी ऐकलेच नाही तर?" भाच्याने विचारले.

खटला भरता येतो. मात्र कर्तव्यावर केलेल्या कृतीसाठी सैनिकावर खटला भरायला आधी केंद्राची परवानगी लागते, आणि ज्याचे माणूस गेले त्या घराला ती वाट फार लांबची ठरते. प्रामाणिक जवानाला संरक्षण हवेच. पण त्या घराचे काय, याचे सोपे उत्तर माझ्याकडे नव्हते.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, ते कलम पुन्हा सांग. कुठले म्हणालास?"