न्यूमार्केट ते लुईव्हिल: तीन वर्षांच्या घोड्यांची पारख

4 मे 2024 रोजी सिटी ऑफ ट्रॉय न्यूमार्केटच्या रौली माइलवर 2000 गिनीज या एक मैलाच्या शर्यतीसाठी उतरला, तेव्हा तीन पौंड लावले तर दोनच पौंड सुटावेत असा त्याचा भाव होता. दोन वर्षांचा असताना धावलेल्या तिन्ही शर्यती त्याने जिंकल्या होत्या. त्यांपैकी ड्यूहर्स्ट स्टेक्स तर साडेतीन लेंग्थने, म्हणजे साडेतीन घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने. गिनीजमध्ये 11 घोडे धावले आणि सिटी ऑफ ट्रॉय नववा आला. चार आठवड्यांनी, 1 जूनला, त्याच घोड्याने एप्समची डर्बी जिंकली. पुढे सँडाउनची एक्लिप्स आणि ऑगस्टमध्ये यॉर्कची इंटरनॅशनलही मारली, तीही विक्रमी वेळेत. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मारला मातीच्या ट्रॅकवर मात्र तो आठवा आला.

वसंतातल्या, तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच्या क्लासिक शर्यतींआधी घोड्यांची पारख किती अवघड असते, हे या एका हंगामात दिसते. गिनीजनंतर घोडा पडता आहे असे म्हणणारे आणि डर्बीनंतर त्याला अजिंक्य ठरवणारे, दोघेही एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष करत होते. मे महिन्यातला तीन वर्षांचा थरोब्रेड अजून घडत असतो. त्याच्याविषयी हाताशी असलेला पुरावा मागच्या काळातल्या, थोड्या वेगळ्या घोड्याचा असतो. पारखीत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

सुरुवात वयापासूनच करावी लागते, कारण ‘सगळे तीन वर्षांचे, म्हणजे सगळे बरोबरीचे’ हा समज फार पक्का आहे. उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेडचा अधिकृत वाढदिवस 1 जानेवारीला धरतात. जानेवारीत जन्मलेले शिंगरू आणि मेच्या अखेरीस जन्मलेले शिंगरू कागदावर एकाच वयाचे ठरतात. प्रत्यक्षात दोघांत चार महिन्यांहून जास्त अंतर असते, आणि या वयात चार महिने म्हणजे हाडात, स्नायूत, छातीच्या घेरात दिसणारा फरक. याच्या उलट टोकाचा समजही तितकाच चुकीचा आहे, की उशिरा जन्मलेला घोडा क्लासिकच्या कामाचा नाही. नॉर्दर्न डान्सरचा जन्म 27 मे 1961 चा. अंगाने तो लहानखुरा होता आणि वर्षाचा असताना 25,000 डॉलरलाही त्याला गिऱ्हाईक मिळाले नव्हते. 1964 मध्ये त्याने लुईव्हिलला होणारी केंटकी डर्बी बरोबर दोन मिनिटांत जिंकली. तेव्हाचा तो विक्रम होता. पुढे त्याच्याच वंशाने जगभरचे स्टड फार्म भरून गेले.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे पाहणाऱ्या मराठी रसिकाचा इथे हमखास गोंधळ होतो. मुंबईत इंडियन 2000 गिनीज डिसेंबरमध्ये होते. त्यातले घोडे चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर असतात, आणि फेब्रुवारीतल्या इंडियन डर्बीला ते नियमाने चार वर्षांचे झालेले असतात. इंग्लिश घोडा गिनीजला त्यांच्यापेक्षा सात महिने आणि डर्बीला तब्बल आठ महिने लहान असतो. महालक्ष्मीला ‘हा घोडा आता पूर्ण तयार झाला आहे’ असे खात्रीने म्हणता येते. तसे न्यूमार्केटला मेच्या पहिल्या आठवड्यात क्वचितच म्हणता येते.

शर्यतींचे नियमही ही कच्ची अवस्था मान्य करतात. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅडमिरल रूस यांनी वयानुसार वजनाचे कोष्टक बांधले. त्याप्रमाणे मोठ्या घोड्यांशी धावताना तीन वर्षांच्या घोड्याला पाठीवर कमी वजन मिळते. वसंतात ही सवलत मोठी असते आणि शरदापर्यंत ती महिन्यामहिन्याने घटत जाते.

आता सर्वांत लाडक्या समजाकडे वळायचे. दोन वर्षांचा असताना जो पहिला, तोच तीन वर्षांचा झाल्यावर पहिला, असे अनेकांना वाटते. अमेरिकेत ब्रीडर्स कप जुवेनाइल ही दोन वर्षांच्या घोड्यांची सर्वांत मोठी शर्यत 1984 पासून होते. ती जिंकून पुढच्या वर्षी केंटकी डर्बीही जिंकणारे घोडे 2025 पर्यंत फक्त दोन झाले: 2007 चा स्ट्रीट सेन्स आणि 2016 चा नायक्विस्ट. 1991 मध्ये अराझीने जुवेनाइल अशी मारली, की त्याच्यापुढे पुढच्या मेमध्ये कोणी टिकेल असे वाटत नव्हते. डर्बीत तो आठवा आला. सोळा वर्षांखालच्या संघात जो दांडगा मुलगा आपल्या वेगाने सगळ्यांना उडवतो, त्याचे सवंगडी दोन वर्षांनी त्याच्याएवढेच उंच झालेले असतात. घोड्यांचे तसेच होते. लवकर वाढलेल्याचा फायदा इतरांची वाढ पूर्ण होताच संपतो. शिवाय अंतरही वाढते. सहा-सात फर्लांगांवर सिद्ध झालेला वेग केंटकीच्या दहा फर्लांगांवर, म्हणजे सुमारे 2,000 मीटरवर, टिकेलच असे नसते.

उलट बाजूने पाहिले तर दोन वर्षांचा असताना धावलाच नाही, म्हणून घोडा बाद होत नाही. 1882 मध्ये अपोलोने असे करून केंटकी डर्बी जिंकली होती. त्यानंतर 136 वर्षे कुणालाच ते जमले नाही, म्हणून लोक ‘अपोलोचा शाप’ म्हणू लागले. 2018 मध्ये जस्टिफाय फेब्रुवारीत पहिल्यांदा धावला, मेमध्ये डर्बी जिंकला आणि जूनमध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यतींचा तिहेरी मुकुट घेऊन गेला. 2023 मध्ये मेजनेही दोन वर्षांचा असताना न धावता डर्बी जिंकली. सिटी ऑफ ट्रॉयला ज्या गिनीजमध्ये धक्का बसला, ती जिंकणारा नोटेबल स्पीच तर जानेवारी 2024 मध्ये प्रथम धावला होता. केम्प्टनच्या कृत्रिम ट्रॅकवर तो तीनदा जिंकला होता आणि गवतावर त्याआधी एकदाही धावला नव्हता. आणि हरलेला सिटी ऑफ ट्रॉय हा जस्टिफायचाच मुलगा.

म्हणून दोन वर्षांच्या घोड्यांचा चॅम्पियन डोळे मिटून खोडून टाकावा काय? मुळीच नाही. 2010 मध्ये ड्यूहर्स्ट जिंकणाऱ्या फ्रँकेलने 2011 ची गिनीज सहा लेंग्थने जिंकली, आणि अर्धी शर्यत संपण्याआधीच निकाल स्पष्ट झाला होता. लहानपणचे यश हा चांगला पुरावा आहे. तो अपुरा असतो, एवढेच.

शेवटच्या सरावशर्यतीवर लोक असाच नको इतका भार टाकतात. 1973 मध्ये केंटकी डर्बीच्या दोन आठवडे आधी सेक्रेटॅरिएट वुड मेमोरियलमध्ये तिसरा आला. त्याच्या तोंडात गळू झाले होते. डर्बीत त्याने 1 मिनिट 59.4 सेकंदांची वेळ दिली. तो विक्रम अजून मोडलेला नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये न्यूबरीच्या ग्रीनहममध्ये चॅल्डीनने गेट उघडताच जॉकी फ्रँकी डेटोरी यांना खाली पाडले. शर्यत त्याच्यापुरती तिथेच संपली. पुढच्याच महिन्यात दोघांनी मिळून गिनीज जिंकली. 2025 चा केंटकी विजेता सॉव्हरेन्टी फ्लोरिडा डर्बीत दुसरा आला होता. सरावशर्यत जिंकणे हा अनेकदा ट्रेनरचा हेतूच नसतो. मोठ्या दिवसासाठी घोड्यात थोडी धाव राखून ठेवायची असते. निकालाच्या ओळीपेक्षा शेवटचा फर्लांग पाहावा: घोडा संपत होता, की अंतर अजून असते तर पुढे गेला असता?

घड्याळाचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. एकूण वेळ जितकी कमी तितका घोडा मोठा, असे मानले की मोनार्कोसचा उलगडा होत नाही. 2001 मध्ये त्याने केंटकी डर्बी 1 मिनिट 59.97 सेकंदांत जिंकली. सेक्रेटॅरिएटनंतर दोन मिनिटांच्या आत जिंकणारा तो पहिलाच. त्यानंतर त्याने एकही शर्यत जिंकली नाही. त्या दिवशी ट्रॅक टणक होता आणि साँगअँडअप्रेअरने पहिला अर्धा मैल 44.86 सेकंदांत ओढला होता. पुढचे सगळे थकले आणि मागून येणाऱ्याचे साधले. सेक्रेटॅरिएटची वेळ मात्र वेगळी घडलेली होती. त्याने प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा कमी वेळात कापला: 25.2, 24, 23.8, 23.4 आणि 23 सेकंद. दोघांच्या एकूण वेळेतला फरक सेकंदाच्या थोड्या अंशाचा. घोड्यांच्या ताकदीतले अंतर त्यावरून कळत नाही, ते या पाच आकड्यांवरून कळते.

2022 चा केंटकी डर्बी विजेता रिच स्ट्राइकही असाच वाचायला हवा. कुणीतरी माघार घेतल्यामुळे त्याला आदल्या दिवशी जागा मिळाली, भाव एकास 80, आणि तो जिंकला. लोकांनी याला नुसते नशीब म्हटले. नशीब होतेच. पण समर इज टुमॉरोने पहिला पाव मैल 21.78 सेकंदांत पळवून पुढच्या घोड्यांचा दम आधीच काढला होता, आणि रिच स्ट्राइक बराच काळ मागे, रेलिंगच्या कडेने जपून आला होता. पुढे तो पुन्हा कधीच जिंकला नाही.

रेटिंगचा आकडा वेगाचा असतो, हाही एक समज. इंग्लिश हँडिकॅपरचे, म्हणजे घोड्यांची वजने ठरवणाऱ्याचे, रेटिंग पौंडांत मोजतात. 120 आणि 115 रेटिंगच्या घोड्यांना बरोबरीने पोहोचवायचे तर पहिल्याच्या पाठीवर पाच पौंड जास्त टाकावे लागतील, एवढाच त्याचा अर्थ. क्लासिकमध्ये सगळे नर घोडे समान वजनाने धावतात. तिथे एका मैलावर हे पाच पौंड साधारण अडीच-तीन लेंग्थ होतात. एका चांगल्या सुरुवातीने किंवा एका अडकलेल्या वाटेने हे अंतर सहज भरून निघते.

किमतीविषयी फार बोलण्याची गरज नाही. 2006 मध्ये द ग्रीन मंकी 1 कोटी 60 लाख डॉलरला विकला गेला. तो तीनदा धावला आणि एकदाही जिंकला नाही. 1977 चा तिहेरी मुकुट जिंकणारा सिअ‍ॅटल स्लू 17,500 डॉलरला घेतलेला होता. तरी 40 लाखांचा फुसाइची पेगॅसस 2000 मध्ये डर्बी जिंकलाच. किंमत वंशाची आणि देखणेपणाची असते.

वंशाकडे बघण्याची दृष्टी मात्र बदलली आहे. 2010 मध्ये डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एमेलिन हिल आणि सहकाऱ्यांनी मायोस्टॅटिन या जनुकाच्या रूपांचा घोड्याच्या पल्ल्याशी संबंध दाखवला. एका रूपाचे घोडे कमी अंतराला, दुसऱ्याचे लांब अंतराला आणि मिश्र रूपाचे मधल्या अंतराला सरस ठरतात. हा कल आहे, हमी नव्हे. घोडा किती लांब टिकेल याचा अंदाज त्यातून येतो. तो किती चांगला आहे हे जनुक सांगत नाही.

फेव्हरिटविषयी, म्हणजे ज्याच्यावर सर्वाधिक पैसा लागतो त्या घोड्याविषयी, लोक दोन्हीकडून चुकतात. 1980 ते 1999 या वीस वर्षांत केंटकी डर्बीत एकही फेव्हरिट जिंकला नाही. नंतर 2013 ते 2018 सलग सहा जिंकले. भावातून लोकांचा पैसा कुठे आहे तेवढे कळते.

घोड्या नरांपुढे टिकत नाहीत, हे तर इतिहासानेच खोडले आहे. रिग्रेट 1915 मध्ये, जेन्युइन रिस्क 1980 मध्ये आणि विनिंग कलर्स 1988 मध्ये केंटकी डर्बी जिंकल्या. इंग्लंडमध्ये सेप्टरने 1902 मध्ये 2000 आणि 1000 या दोन्ही गिनीज जिंकल्या होत्या.

शेवटचा समज गिनीजनंतर दरवर्षी नव्याने उगवतो. मैल मारणारा घोडा आता डर्बी आणि सेंट लेजरही मारणार, असे बोलले जाते. या तिन्ही शर्यती जिंकणारा निजिन्स्की 1970 मध्ये झाला, त्यानंतर कुणीही नाही. मैलाच्या वेगाचा घोडा डर्बीच्या दीड मैलापर्यंत नेणे अवघड, आणि सेंट लेजरसाठी पावणेदोन मैलांच्या पुढे तर त्याहून अवघड. 2012 मध्ये कॅमेलॉटने गिनीज आणि डर्बी दोन्ही जिंकल्या आणि सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरला तो सेंट लेजरच्या रेषेपर्यंत पोहोचला. तिथे एन्कीने त्याला पाऊण लेंग्थने मागे ठेवले.