गोळी वरणभातात लपवावी काय?

आजोबा गोळी नाकारतात, म्हणून ती वरणभातात कुस्करून द्यावी काय? शुश्रूषा करताना आपल्यालाही हा प्रश्न पडला असेल. ‘हो’ की ‘नाही’ यापेक्षा त्यामागचे कारण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांना महत्त्वाचे वाटे. मरणासन्न पत्नीसाठी न परवडणारे औषध पतीने चोरावे का, असे मुलांना विचारून त्यांनी १९५८च्या प्रबंधापासून नैतिक विचाराचे टप्पे मांडले. पुढे ते तीन स्तर व सहा टप्पे असे स्थिरावले. ‘डोस चुकला तर मुलगा रागावेल’ हा पहिला स्तर. ‘लोक काय म्हणतील’, ‘डॉक्टरांची आज्ञा आहे’ हा दुसरा. ‘त्यांच्या देहाचा निर्णय कोणाचा?’ हा तिसरा. (केस पिकले म्हणजे तिसरा स्तर आपोआप येतो, असे नव्हे.) या मोजमापात नात्यातील जबाबदारीला कमी लेखले जाते, असा आक्षेप कॅरोल गिलिगन यांनी १९८२मध्ये घेतला. उशाशी रात्र जागवणाऱ्यांना तो चटकन पटेल.

म्हणून आधी आजोबांनाच विचारावे. गोळी कडू लागते, घशात अडकते, की तिने चक्कर येते? डॉक्टर कदाचित पातळ औषध देतील. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुस्करणे तर धोक्याचेच. स्मृतिभ्रंशामुळे त्यांना काही उमजतच नसेल, तर हा निर्णय स्वयंपाकघरात एकट्याने न घेता डॉक्टर व घरच्यांसमवेत घ्यावा.